एका बाटलीत फाटकापर्यंत

पेट्रोल पंपावर किस्से का साठतात, हे मला तिथं बरीच वर्षं मॅनेजरकी केल्यावर समजलं. टाकी भरेपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं. हात रिकामे, तोंड मोकळं आणि समोर मीटर पळत असतो. पळणारा मीटर पाहिला की भलाभला माणूस खरं बोलायला लागतो.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या रस्त्यावरच्या एका पंपावर होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऑफिसबाहेर, हवा भरायच्या मशीनजवळ सिमेंटचा एक बाक होता. संध्याकाळी त्यावर ठरलेली मंडळी यायची. बाकीच्यांना धक्के आयुष्यात बसतात, मला सगळे त्या बाकावर बसले.

आमच्या भागात गाडीबद्दल एकच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती? गाडी नवी असो, जुनी असो, नाही तर चोरीची असो.

एकदा आग विझवायची गाडी पंपावर घुसली. कुठल्याशा राइस मिलमध्ये कोंड्याला आग लागली होती आणि वाटेत डिझेल कमी पडलं होतं. ड्रायव्हरच्या तोंडावर घाम, मागची माणसं ओरडून राहिली, मी स्वतः पाइप धरलेला. तेवढ्यात बाकावरून बाबूजी उठले. बाबूजी म्हणजे जवळच्याच गावातले धानाचे मोठे शेतकरी, वय सत्तरीला टेकलेलं, धोतर पांढरंशुभ्र. सावकाश चालत आले, गाडीला एक चक्कर मारली आणि ड्रायव्हरला विचारलं, “हे किती देते जी?”

ड्रायव्हर म्हणाला, “बाबा, आग लागली आहे तिकडे.”

“ते ठीक आहे,” बाबूजी म्हणाले, “पन देते किती?”

*

बाबूजींची स्वतःची मोटरसायकल होती आणि तिच्या ॲव्हरेजवर अख्ख्या तालुक्यात कोणी वाद घालत नसे. त्यांचा नियम असा, की गावचं देऊळ दिसलं की इंजिन बंद. उरलेला रस्ता गाडीनं अंगच्या वेगावर यायचं. आमचा मुलूख सपाट, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. उतार म्हणाल तर तलावाच्या पाळीवरून खाली येताना, तेवढाच. त्या उताराला बाबूजी पाया पडायचे तेवढे बाकी होते.

एका बाजाराच्या दिवशी ते असेच इंजिन बंद करून आले. आवाज नाही, हॉर्न नाही. थेट वांग्यांच्या ढिगात शिरले. भाजीवाली बाई थोडक्यात वाचली आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. “बुढ्या, हॉर्न काऊन नाई वाजवला?”

बाबूजींनी धोतरावरचं वांगं झटकलं. “हॉर्न वाजवला असता तं तू मधात उभी झाली असती. मंग मले ब्रेक मारा लागला असता. ब्रेक मारला का पेट्रोल वाया जाते, बाई.”

बाई खाली बसून वांगी वेचायला लागली. मी तिथंच पालक घेत होतो, मी पण वेचू लागलो. अशा माणसाला काय बोलायचं?

*

आणि या माणसाच्या पोटी खेमू जन्मला.

खेमराज, त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेजला नागपूरला होता तेव्हा रद्दीच्या दुकानातून परदेशी गाड्यांची जुनी मासिकं आणायचा. त्यातून त्याला ‘मसल कार’चं वेड लागलं. मसल कार म्हणजे लांब बॉनेट, आत दांडगं इंजिन आणि पेट्रोलचा विचार करायचा नाही अशी गाडी. आता अमेरिकेतली गाडी गोरेगावात कोण आणून देणार? तर यानं नागपूरच्या एका बदली झालेल्या साहेबाची जुनी, काळी, लांब नाकाची देशी गाडी उचलली आणि तिच्यात अजून मोठं इंजिन बसवून घेतलं. गावानं तिचं नाव ठेवलं, म्हैस.

पहिल्या दिवशी ती पंपावर आली तेव्हा पंपाच्या पत्र्याचं छप्पर थरथरलं. रफिकभाई आमचे मेकॅनिक, बाकामागेच त्यांचं गॅरेज. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहत राहिले आणि हळूच बंद केलं. मला म्हणाले, “मॅनेजर साब, इसमें इंजन नहीं बैठाया, भूख बैठाई है.”

खेमूचं तत्त्वज्ञान मात्र पक्कं होतं. “पेट्रोल जाळायसाठीच असते. देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू आहे का ते?” आणि दुसरं, “कंपनीनं काटा दोनशेपर्यंत दिला. त्याले चाळीसवर ठेवनं म्हंजे ज्यानं गाडी बनवली त्याचा अपमान.”

एकदा आमच्या बाकावरचे पटले आडनावाचे गुरुजी त्याला समजावायला गेले. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. खेमूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुरुजी, गोंदियाले जायले तुमच्या गाडीले किती वेळ लागते?”

“पाऊण तास.”

“माह्या गाडीले पंधरा मिनिटं. म्हंजे तुमचं इंजिन पाऊण तास पेट्रोल पिऊन राहिलं अन् माहं पंधराच मिनिटं. आता सांगा, उधळपट्टी कोन करून राहिलं?”

गुरुजींनी बोटांवर हिशोब मांडला, मोडला, पुन्हा मांडला. त्या दिवशी ते चहा न पिताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, “मॅनेजर, यात चूक आहे एवढं नक्की. कुठं आहे ते सापडून नाही राहिलं.”

*

खेमूच्या सोयरिकीचीही तीच कथा. तिरोड्याकडचं स्थळ, घर चांगलं, पोरगी शिकलेली. चहापाणी झालं, पोरीकडच्यांनी विचारलं, पोरगा काही पीत बीत नाही ना? बाबूजी छाती काढून म्हणाले, सुपारीही खात नाही. सगळं जुळल्यात जमा होतं. निघताना पोरीचे वडील सहज गाडीपाशी आले आणि विचारायचं तेच विचारलं.

खेमू म्हणाला, “पाच. हळू चालवली तं सहा देते. पन मी हळू चालवत नाई.”

बाबूजींनी डोळे मिटून घेतले. मी बाजूलाच होतो. असं खरं बोलतात का कुठं सोयरिकीत? तिसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. “पोरगा हिरा आहे. पन आमच्या पोरीनं एखाद्या वेळेस दारू पिनारा नवरा सांभाळला असता, पेट्रोल पिनारा नाई.”

पुढच्या स्थळी पोरीनं स्वतःच तोंड उघडलं. मान वर करून खेमूला विचारलं, “शंभरच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते का?”

खेमूच्या हातातला चहा शर्टावर सांडला. तीच आमची वहिनी.

*

हसण्यावारी नेऊ नका, त्या म्हशीनं एक जीवही वाचवला आहे. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बोदलकसाकडच्या एका गावातून पंपावर फोन आला, बाई अडली आहे, सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, काही सोय करा. खेमू समोरच होता. मलाही ओढून पुढं बसवलं, रस्ता दाखवायला.

रस्ता मी दाखवला, पण डोळे मिटून. गावातून बाईला घेतलं. मागच्या सीटवर ती आणि तिची सासू. सासूनं आधी गावदेवीचं नाव घेतलं, मग बाकीच्या सगळ्या देवांचं, आणि देव संपल्यावर ती नुसतंच “बापा, बापा” म्हणत राहिली. गोंदियाला दवाखान्यात पोचलो, बाईला आत नेलं आणि खेमूला गाडी नीट लावायलाही वेळ मिळाला नाही, तर आतून बाळाचा आवाज. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, थोडाही उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती.

पंपावर आलो. बाकावर सगळे जमलेले. मी झालेलं सगळं सांगितलं. गुरुजींनी चष्मा पुसला, रफिकभाईंनी खेमूला मिठी मारली. बाबूजी खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आज बाप विरघळला. त्यांनी मान वर केली. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“चांगलं केलं बेटा,” ते म्हणाले. “येताना तरी हळू आला का?”

*

आता तो किस्सा, जो आठवला की अजून जेवताना मला ठसका लागतो.

पेट्रोल पुन्हा महागलं आणि बाबूजींनी ठरवलं, म्हैस विकायची. बोलले आणि गिऱ्हाईकही आणलं. गोंदियाचा माणूस, वरातीच्या गाड्या भाड्यानं देणारा. पंपावर आला, म्हशीच्या टपावर थापा मारल्या आणि म्हणाला, “ये छत काटनी पड़ेगी. ऊपर सिंहासन लगाएँगे, दूल्हा खड़ा रहेगा, गाड़ी पैदल के साथ चलेगी.”

खेमू बाकावरून उठला. चाकाजवळ जाऊन खाली बसला. एवढा दांडगा गडी, पण मला त्याच्याकडे बघवेना. जी गाडी शंभराच्या खाली चालवायची नाही असं त्याचं म्हणणं, तिचं टप कापून तिला बँडमागं रांगायला लावणार.

शेवटी खेमूसोबत आलेली वहिनी पुढं आली. “बाबूजी, बाटली टेस्ट घ्या. नाई जमलं तं खुशाल विका.”

बाटली टेस्ट म्हणजे मेकॅनिक लोकांची ॲव्हरेज काढायची रीत. टाकीचा पाइप काढायचा, एक लिटर पेट्रोल भरलेल्या बाटलीत सोडायचा आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. बाबूजींना हे पटलं, कारण यात हिशोब होता. म्हणाले, “पंपापासून रेल्वे फाटक साडेसात किलोमीटर. एका बाटलीत फाटक ओलांडलं तं राहील. अलीकडे थांबली तं तिथूनच गोंदियाले जाईल.”

खेमूचा चेहरा पडला. त्याच्या पायाखाली ती पाचच्या वर कधी गेलीच नव्हती.

“पन खेमूच्या पायाचा मले भरोसा नाई,” बाबूजी पुढं म्हणाले. “गाडीवर अन्याय नको. मी चालवतो.”

रफिकभाईंनी माझा दंड दाबला आणि कानात म्हणाले, “बाबूजी चलाएँगे तो नौ देगी. बच गई समझो.” मलाही तेच वाटलं. ट्रॅक्टर आणि जुनी जीप चालवण्यात या माणसाची हयात गेली होती आणि एक थेंब कधी वाया घालवला नव्हता. वहिनीनं तिथंच हात जोडले.

निघालो. बाबूजी स्टेअरिंगवर, खेमू मागं, मी साक्षीदार म्हणून पुढं. पाइप खिडकीतून आत घेतलेला आणि बाटली माझ्या मांडीवर. रफिकभाई पेट्रोलचा डबा बांधून मोटरसायकलवर मागं, आणि त्यांच्या मागं गिऱ्हाईक स्वतःच्या डिझेल जीपमध्ये.

बाबूजींनी गाडी अशी काढली की पेल्यातलं पाणीही हललं नसतं. चाळीस म्हणजे चाळीस. अर्धा रस्ता सरला आणि मी बाटली पाहिली तर अर्ध्याहून जास्त बाकी. मी मागं वळून खेमूला बोटानं दाखवलं. तो हसला, पण श्वास रोखूनच.

तेवढ्यात मागून हॉर्न. गिऱ्हाईक कंटाळलं होतं. जीप बाजूला आली, त्यानं काच खाली केली आणि ओरडला, “दादाजी, उतर के धक्का मारूँ क्या?” आणि हसत हसत पुढं निघून गेला.

बाबूजींनी डोक्यावरची टोपी खाली ओढली. आणि त्यांचा पाय खाली गेला.

मी सीटमध्ये मागं फेकलो गेलो. म्हशीनं असा हंबरडा फोडला की बांध्यांतले बगळे उडाले. मी काटा पाहिला नाही, माझं लक्ष बाटलीत. पेट्रोल कोणी तोंड लावून प्यावं तसं खाली जात होतं. मागून खेमू ओरडत होता, “बाबूजी, पाय काढा, फाटक नाई येनार, पाय काढा.” जन्मात पहिल्यांदा हा पोरगा कोणाला हळू चालवा म्हणत होता आणि ऐकणारा त्याचा बाप होता. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

जीप बाजूनं गेली. म्हणजे आम्ही गेलो, ती मागं राहिली. बाटलीत सुर्र असा आवाज झाला, गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. फाटक समोर दिसत होतं. त्याचे लाल-पांढरे पट्टेही दिसत होते. पण अलीकडे.

खेमूनं कपाळ पुढच्या सीटला टेकवलं. मला रडू यायचं बाकी होतं. जिंकलेली गाडी आपल्या हातानं घालवली या माणसानं. रफिकभाई पोचले आणि मोटरसायकलवरून न उतरता नुसते पाहत राहिले. मग जीप आली. गिऱ्हाईक उतरलं, खुशीत खिडकीपाशी आलं आणि चावीसाठी हात पुढं केला.

बाबूजींचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर घट्ट. टोपी कुठं उडाली कुणास ठाऊक. नजर सरळ रस्त्यावर. त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही, शांतपणे हँडल फिरवून काच वर केली.

“मॅनेजर, रफिकजवळचा डबा टाकीत वता.”

“बाबूजी,” मी चाचरत म्हणालो, “टेस्ट तर संपली.”

“वता म्हनलं ना.”

मग ते मागं वळले. “खेमू, रडून कायले राहिला? पुढं ये. हे एवढं सगळं चौथ्यातच झालं. पाचवा गिअर कुठं टाकतेत, दाखव मले.”