पंख्याची दोरी ओढणारा

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी धुळ्याकडच्या एका जुन्या संस्थानातल्या आमच्या चित्रसंग्रहालयाला दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि शेजारचा जुना राजवाडा आम्हाला मिळाला. मी तिथे कारकून होतो. दरबारात चित्रं लावत होतो, तेव्हा एक म्हातारा आत आला. वहाणा काखेत धरून तो चित्रांऐवजी भिंतींच्या वरच्या भागाकडे बघू लागला.

"काय शोधता, आबा?"

"दोरीनं भोक. मी भाईर बशीसन पंखानी दोरी वढेल शे. आतमा कधी उनूच नही."

राजाच्या काळात छताला कापडी पंखा होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीत जाई आणि हा माणूस ती दिवसभर ओढत बसे; आत तो कधी आलाच नव्हता. ते भोक एका मोठ्या चित्रामागे गेलं होतं. मी चित्र उतरवलं आणि शिडी धरून उभा राहिलो. म्हातारा जपून वर चढला. भोकाला डोळा लावून तो बराच वेळ थांबला.

"भाऊ," तो वरूनच म्हणाला, "तठे बठेल मानूस आठून दिसतच नही."

ओसरीत बसलेला माणूस आतून दिसतच नव्हता. खाली आल्यावर त्याने सांगितलं, की आतले लोक बघत असतील म्हणून तो इतकी वर्षं कधी भिंतीला टेकला नव्हता. हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही.

मग मला न विचारता तो दरबारातच भिंतीला पाठ टेकून बसला, पाय लांब केले आणि समोरचं चित्र निवांत बघू लागला. संग्रहालय बंद होईपर्यंत मी त्याला उठवलं नाही.