आईला खरं सांगितलं तेव्हा

दुष्काळाच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला मी आईच्या दुखण्यासाठी सासरहून सोनईला आले होते. आईला पोटात गाठ होती. नगरच्या डॉक्टरांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाहेर नेऊन सांगितलं होतं की आता घरीच न्या. आईला आम्ही आतड्याची सूज आहे असं सांगत होतो. मी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आणि तिघंही हवापाण्याच्या पलीकडे काही बोलत नव्हतो.

त्या आठवड्यात शाळेच्या ओसरीवर हळदीकुंकू झालं. आमच्या भागातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेल्या बाई आल्या होत्या. टँकर कधी येणार, एवढंच त्या सांगतील असं सगळ्यांना वाटलं. ते सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मागल्या साली माझी लेक गेली, तुमाला ठाव हाय. दवाखान्यात ती मला इचारायची, आई, मी जगंन का? मी म्हनायची, असं अभद्र बोलू नाय. मग ती गप झाली. तिला कायतरी सांगायचं हुतं. काय, ते आता मला कधीच कळनार न्हाई."

एक म्हातारी म्हणाली, "बाई, सणाच्या दिवशी कशाला हे?"

"मग कवा बोलायचं, मावशी? घरी मी तिचं नाव काढलं की समदी उठून जात्यात." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या घरात कुनी दुखनाईत असंल, तर त्याला बोलू द्या. एवढंच."

मग माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईनं, बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या तान्ह्या मुलाबद्दल हळूहळू सांगायला सुरुवात केली. तिला मी लहानपणापासून ओळखत होते. तिला असं मूल झालं होतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय सांगितलं बाईंनी?"

मी सगळं सांगितलं. ती आढ्याकडं बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्या बी जानारच हाय ना गं?"

मी तिचा हात धरला आणि "व्हय" म्हणाले.

"मला वाटतच हुतं," ती म्हणाली. "एकटीनं किती दिस वागवायचं?"

दादा दारात उभे होते. ते माझ्यावर संतापले. "कशाला सांगितलंस तिला?"

"तिला बोलू नका. मी इचारलं," आई म्हणाली. "तुमी बी बसा हितं."

ते तिच्या पायाशी बसले आणि रडले. दादांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर आई बोलू लागली. खर्डा गावी दिलेल्या बहिणीला बोलावून घ्या म्हणाली, मावशी आली, दोघी गळ्यात पडून रडल्या आणि मग माहेरच्या गोष्टी काढत बसल्या. एकदा आई दादांना म्हणाली, "पोरगी सासरी गेल्यावर तुमी खानार काय? भाकरी शिका." चुलीसमोर तिची वाकळ टाकली. रेशनवर मिळणाऱ्या लाल परदेशी ज्वारीचं, मिलोचं पीठ, त्याला चिकटपणा नाही, भाकरी थापता थापता चिरायची. दादांच्या नांगर धरलेल्या हातांना ती परातीतून उचलता येईना. "पीठ अजून मळा. पानी ऊन घ्या," आई पडल्या पडल्या सांगायची. एक भाकरी तव्यावर पडताना दुमडली, तेव्हा ती इतकी हसली की पोट धरून कण्हायला लागली. दादा ती कच्ची भाकरी तशीच ठेवून तिच्याजवळ धावले.

शिमगा झाला आणि थोड्याच दिवसांत, सकाळी दादा टँकरच्या रांगेत गेले असताना, आई गेली. हंडे घेऊन ते परतले तेव्हा मी तिचे डोळे मिटवत होते.

भेटायला येणारे म्हणत, "धीर धरा. भरल्या कपाळानं गेली, सोनं झालं." दादा मान हलवायचे. जिल्हा परिषदेच्या बाईही आल्या. त्यांनी विचारलं, "कशा हुत्या त्या?" दादा सांगायला लागले. बाई चहा गार होईपर्यंत ऐकत बसल्या.

मी सासरी निघाले तेव्हा दादा स्टँडवर पोचवायला आले. एसटी लागली. माझी पिशवी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, "मी पान्याला गेल्तो तवा... तिला लई दुखत हुतं का गं?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण मी म्हणाले, "व्हय दादा. दुखत होतं. तुम्हाला दोनदा हाक मारली तिनं."

ते बाकावर बसले. कंडक्टरनं घंटी दिली. मी त्यांच्याशेजारी बसले, ती गाडी जाऊ दिली, आणि आईनं शेवटी काय काय म्हटलं ते पहिल्यापासून त्यांना सांगितलं.