घरापुढची अर्धी सडक

खामगावच्या बाजारात कापड पाहत उभी होते, तेव्हा बुलढाण्याचे आमचे जुने शेजारी भेटले. सकाळच्याच मोटारीने आले होते. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग ते म्हणाले, "यमुनाकाकू गेल्या हो वयनी." सकाळी बाहेरून येऊन काकू ओट्यावर टेकल्या, भाडेकरणीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला... मला रडू यायच्या आधी भलताच प्रश्न मनात आला आणि तोंडातून निघूनही गेला : झाडून झालं होतं का? त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "हो, झालं होतं. पार कोपऱ्यावरच्या नालीपर्यंत." मग मात्र डोळे भरून आले, पण कुठेतरी बरंही वाटलं. काम अर्धं टाकून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

यजमानांना बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली, तेव्हा आम्ही काकूंच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. काकूंचे यजमान तरुणपणीच वारले होते, मुलगा अमरावतीस नोकरीला होता. शेती होती, सालदार होता, खायची ददात नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी भाडेकरणीची रीत म्हणून खराटा घेऊन बाहेर निघाले, तर त्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाल्या, "आंगन तुमचं, सडक माही. मालकीन मी आहो ना."

त्याआधी केव्हातरी म्युनिसिपल कमेटीने गावात दवंडी पिटवली होती, की ज्याने त्याने आपल्या घरापुढची सडक मध्यापर्यंत साफ ठेवावी. लोकांनी ऐकली आणि सोडून दिली. कोणी दोनचार दिवस गडी लावला, मग तोही शेतावर गेला. काकूंनी मात्र ती दवंडी जणू त्यांचं नाव घेऊनच पिटली होती, अशी मनावर घेतली. सालदाराला सांगा म्हटलं, तर तो शेतासाठी ठेवलाय म्हणत.

समोरचं घर त्यांच्या धाकट्या दिरांचं, नारायणरावांचं. वाटण्या झालेल्या, पण येणंजाणं होतं. दिरांना हे खराटा प्रकरण अगदी सहन होत नसे. एकदा ते सडकेपलीकडून म्हणाले, "वयनी, आपल्या घरची बाई अशी खराटा घेऊन सडकेवर उभी राह्यते. लोक काय म्हनतीन?"

काकूंचा हात थांबला नाही. "म्हनू द्या, भाऊजी. साफ सडकेवरून जाता जाता म्हनतीन."

आणि बरोबर मध्यावर येऊन त्या थांबत. पलीकडचा अर्धा भाग, दिरांच्या दारापुढचा, तसाच उकिरडा राही. एवढं झाडलंत, तर तेही ओढून घ्या की, असं मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. भाऊजींचं दार आपण झाडलं, तर त्यात त्यांचा अपमान आहे, म्हणाल्या.

आमच्या घराला लागून एक मोकळी जागा होती. ती धाड गावच्या एका पाटलांची. भिंत पडलेली, त्यामुळे सगळी आळी बिनदिक्कत तिथे केरकचरा टाकी. एका उन्हाळ्यात आसपास पटकीची साथ आली. पलीकडच्या आळीतली एक बाळंतीण गेली. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती आणि त्या जागेवरच्या माश्या थेट तिच्या दुधाच्या वाटीवर येऊन बसत. मी घाबरून माहेरी जायची तयारी केली. यजमान म्हणाले, कमेटीत अर्ज देऊ, पाटलांना नोटीस जाईल. काकूंनी मान हलवली. "नोटीस आली का पाटील वकील करतीन. मंग कचरा राहीन कोर्टात, अन् माश्या आपल्या घरात."

त्यांनी वेगळंच केलं. पाटील कोर्टाच्या एका तारखेसाठी बुलढाण्यास आले, तेव्हा त्यांना रसाळीचं आवतण धाडलं. आमरस, पोळ्या, कुरडया, भजी, असा थाट. विधवा बाईच्या घरी पाहुण्यांच्या पंगतीला घरचा पुरुष हवा, म्हणून दिरांनाही बसवलं. पाट मांडले ते ओट्यावर, नेमके त्या जागेकडे तोंड करून. रस वाढायची खोटी, की माश्यांचं मोहोळच उतरलं. दीर एका हाताने वारत होते, एका हाताने जेवत होते आणि वाढणाऱ्या माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी पाटीलच म्हणाले, "काकू, माश्या लय आहेत हो तुमच्या इथं."

दाराआडून काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याच आहेत, पाटील. आम्ही नुसत्या सांभाळून राह्यलो."

मग पाटलांनीही रास्त तेच विचारलं : जागा माझी असली, तरी कचरा तर तुमच्या आळीचा, तो मी काऊन उचलू? काकूंनी ते कबूल केलं. म्हणाल्या, "तुमी कुंपन घाला. टाकनाऱ्याईले मी पाहीन."

पाटलांनी शब्द पाळला. आठवडा उलटायच्या आत गाड्या येऊन जागा साफ झाली, काटेरी कुंपण पडलं. काकू घरोघर जाऊन बायकांना सांगून आल्या, भांडल्या कोणाशीच नाहीत. माझी ट्रंक मी पुन्हा उघडली. आणि एका सकाळी पाहते तो नारायणराव आपल्या दारात खराटा घेऊन उभे. सडकेकडे पाठ करून, काही हरवलेलं शोधावं तसे हळूहळू झाडत होते. काकूंनी पाहिलं. मला खुणेने गप्प केलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

त्यानंतर आमची बदली झाली. पण त्या आळीत काढलेल्या वर्षांइतकं स्वस्थ मला पुढे कुठेच वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात काकूंच्या मुलाला भेटायला म्हणून बुलढाण्यास गेले. तो दिवसकार्य आटोपून अमरावतीस परतला होता, काकूंच्या पुढच्या घराला कुलूप. मी समोर नारायणरावांकडेच उतरले. सकाळी खराट्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर पाहिलं, तर म्हातारे नारायणराव सडक ओलांडून काकूंच्या दारापुढचं झाडत होते. त्यांचा स्वतःचा भाग अजून तसाच होता.

मी विचारलं, आता ह्या घराचं काय होईल?

"ते पोरं पाह्यतीन," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "सकाळ काई त्याईच्यासाठी थांबत नाही." आणि नालीपर्यंत जाऊन, वळून, मग ते आपल्या दाराकडे आले.