मामांचे शोकप्रस्ताव

मामा गेल्याचा फोन बीडच्या दवाखान्यातून आला तो माझ्याच एसटीडी बूथवर. रिसीव्हर खाली ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो ग्रामसभेचा. आता पुढच्या सभेत शोकप्रस्ताव येणार, दोन मिनिटं उभं राहायचं आणि पाण्याचा विषय पुन्हा मागं पडणार… सख्ख्या मामाच्या मरणावर भाच्याला असं सुचावं हे बरं नाही, पण ही खोड आम्हाला त्यांनीच लावली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. गेल्या महिनाभरात त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलंय, की माझ्या चार ओळींनी त्यांचं काही बिघडायचं नाही.

मामा वर्षानुवर्षं आमच्या गावचे सरपंच. तेलगाव-धारूर रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. वडिलांनी सासुरवाडीतच किराणा दुकान टाकलं, त्यामुळं मी आजोळातच वाढलो. आमचं घर वरच्या गल्लीत, चढावर. नळयोजना आली तेव्हा पाइप खालच्या गल्लीतून हिंडून चढाच्या तोंडाशी येऊन थांबला, आणि तिथून वळला तो थेट मामांच्या उसाकडं. गावात केबल आली, रंगीत टीव्ही आले, माझ्या बूथवरून माणसं पुण्या-मुंबईला बोलायला लागली. आई मात्र खालच्या विहिरीवरून हंडा घेऊन बसत-उठत तो चढ चढायची. गुडघे पार गेलेले. सरपंचाची थोरली बहीण ती! मामांनी एकदा बैलगाडीवरून पाण्याचं टिपाड पाठवलं, फक्त आमच्या दारात. आईनं गाडीवानाला दारातूनच परत फिरवलं. सगळी गल्ली बघत असताना मी एकटीच कसं भरू, एवढंच म्हणाली. पण भावाविरुद्ध अवाक्षर काढायची नाही आणि मला काढू द्यायची नाही. त्याचा मला मामांपेक्षा जास्त संताप यायचा.

ग्रामसभा महादेवाच्या देवळासमोर भरायची. नळयोजनेनंतरच्या पहिल्याच सभेला आमच्या शेजारचे रशीदभाई उठले. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस, आवाज खणखणीत. "सरपंच, पाइप आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन काहून थांबला?" एवढंच त्यांनी विचारलं. मामांनी हात जोडले. लिंबागणेशचे एक जुने पुढारी सकाळीच वारल्याचं सांगितलं, गळा दाटून आणला, आणि श्रद्धांजलीसाठी सगळ्यांना उभं केलं. रशीदभाई प्रश्न विचारायला म्हणून उभे होते, ते श्रद्धांजलीलाच उभे राहिले. दोन मिनिटं संपल्यावर मयताच्या मानाखातर सभा तहकूब. लोक चपला घालून घरी. आता मेलेल्या माणसाशी कोण भांडणार?

तहकूब म्हणजे मोडली, असं आम्ही समजायचो. खरं तर ती नुसती पुढं ढकललेली असते, आणि ग्यानबाची मेख तिथंच होती. पहिल्या सभेला ठरावीक संख्येनं माणसं हजर लागतात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की ती अट राहत नाही, ओसरीवर बसतील तेवढ्या माणसांत ठराव होतो. ती सभा मामांच्याच ओसरीवर भरायची, दवंडी न पिटता, चहाबरोबर. तिथं 'वरच्या गल्लीच्या नळाचे काम पूर्ण झाले' असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आमची सर्वांची मतं त्यात होती म्हणे!

पुढं मामांना चटकच लागली. सभा जवळ आली की ते पेपरातल्या निधनवार्ता आधी वाचायचे आणि पंचक्रोशीत कोण आजारी आहे याची चौकशी करायचे. लोकांना वाटायचं, काय हा माणसाचा जिव्हाळा. एकदा तर कमालच झाली. शेजारच्या गावचे एक म्हातारे पाटील धारूरच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते. मामांनी त्यांना सभेत वारलेले धरलं. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो, सभा तहकूब झाली. आठवड्यानं पाटील एसटीतून उतरून माझ्याच बूथवर मुलाला फोन करायला आले. मी तसाच उठून मामांकडं गेलो आणि माणूस जिवंत आहे, आता तहकुबी रद्द करा म्हणालो. मामा पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मरणार तर हायच की कधीतरी." त्या क्षणी मला त्यांचा जो तिटकारा आला, तो चितेच्या धगीपुढं उभं असतानाही गेला नाही, आणि आज लिहितानाही गेलेला नाही.

मग रशीदभाई आणि मी पंचायत समितीत गेलो. तिथल्या साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. शोकप्रस्तावानंतर सभा तहकूब करावीच असा कुठलाही नियम नाही, तो नुसता रिवाज आहे. आणि तहकूब सभेलाही गावातल्या कुठल्याही मतदाराला बसता येतं, बोलता येतं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणता येतं. "तुम्हाला अडवलं कोणी?" असं त्यांनी विचारलं… खरंच, अडवलं कोणीच नव्हतं. मी घरी येऊन हे सगळं तावातावानं सांगितलं. आई भाकरी थापत होती. ऐकलं न ऐकल्यासारखं करून म्हणाली, "जेव आता."

त्यानंतरची सभा यायच्या आधीच मामा गेले.

ती सभा परवा झाली. देवळासमोर कधी नव्हे एवढी गर्दी. आई जन्मात कधी ग्रामसभेला गेली नव्हती. भावाच्या शोकप्रस्तावाला म्हणून आली आणि बायकांच्यात बसली. उपसरपंचांनी मामांचे गुण गायले, सगळे उभे राहिले. आई पदरात तोंड घालून हमसून रडत होती. आणि दोन मिनिटं होताच माणसं चपला शोधायला लागली. सभा तहकूब, असं कोणी म्हणालंसुद्धा नव्हतं. मामा नसतानाही त्यांचं काम गाव आपणहून करत होतं! मी ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई गुडघ्यावर हात टेकून परत खाली बसली. ग्रामसेवक जवळ जाऊन, सभा झाली, घरी चला म्हणाले. आईनं डोळे पुसले.

"भाऊ माझा गेलाय," ती म्हणाली. "त्याचा मान राखायला मी हाय. तुमी बसा, पाण्याचं बोला."

आधी बायका बसल्या, मग रशीदभाई बसले. उपसरपंचांचा एक पाय चपलेत गेला होता, दुसरा जमिनीवरच होता. ते थोडा वेळ आईकडं बघत राहिले… मग त्यांनी चप्पल काढली.