डाव्या पायाखालचा समुद्र

आम्ही म्हैसूरकर. राजवाड्यात शिरताना चपला बाहेर ठेवायच्या, हे अंगवळणी पडलेलं. म्हणून मंगळूरच्या पुढे, थेट समुद्राच्या खडकांवर बांधलेला तो जुना महाल बघायला गेलो, तेव्हा आईनं दारातच चपला काढल्या. बाकी सगळे बुटांसकट आत चालले होते. मीसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. साखरेच्या आजारानं आईचे पाय बधिर होत चाललेत, अनवाणी चालायचं नाही असं डॉक्टरांनी दहादा बजावलंय. ते तिच्या पायाच्या अंगठ्याला चिमट्यासारखं दिसणारं, थरथरणारं एक लोखंड टेकवतात आणि विचारतात, "कळतंय का?" लोखंड टेकायच्या आधीच आईचं "हो" तयार! डॉक्टरांना वाईट वाटू नये ना. डाव्या पायाची जाणीव गेल्यात जमा, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"आई, चपला घाल."

"अय्यो, राजाच्या घरात? बेडा पुट्टी, नको."

महाल बांधणारा राजा नव्हे, व्यापारी होता. पण आत शिरले आणि मीही वाद विसरले. दोघींच्या कवेत न मावणारे सागवानी खांब, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेलं ऊन, आणि टोकाला भिंतभर काचेच्या बंद खिडक्या. त्यांत नुसता समुद्र. राजवाड्याच्या गावात वाढलेली मी, तिथं आ वासून उभी राहिले. पाण्याच्या तोंडाशी माणसांनी एवढं घर बांधलं कसं, आणि ते टिकलं कसं?

आई मध्येच थांबली. "पुट्टी, जमीन हलते गं. लाट आली की हलते."

मला काहीच जाणवत नव्हतं. झालं, म्हटलं, आता ही महालालाही खूश करायला निघाली. "आई, उगाच काहीतरी बोलू नकोस."

"बूट काढून नोडु. बघ तरी."

चिडूनच काढले. खाली कुठंतरी लाट आदळली आणि गार फरशीतून बारीक थरथर माझ्या तळव्यांत चढली. अंगावर काटा आला. आई खोटं बोलत नव्हती.

"कुठल्या पायाला कळलं?" मी विचारलं.

तिनं माझा खांदा धरला, उजवा पाय उचलला आणि डोळे मिटले. खिडक्यांपलीकडे समुद्राची एकच अखंड घरघर, त्यातून लाट वेगळी काढता येत नव्हती. आम्ही वाट बघत राहिलो.

"आली," आई म्हणाली, आणि माझ्या पायांखाली फरशी थरथरली.