पिशवी नाजूक आहे

माझी पिशवी नाजूक आहे, हे आमच्या कंधारात कुणाला माहीत नाही? सासरी माहीत आहे, शाळेतल्या बायांना माहीत आहे, कोपऱ्यावरच्या किराणावालीलाही माहीत आहे. ते खोटं आहे, हे मात्र मी सोडून कुणालाच माहीत नाही. आज तुम्हाला सांगते आहे. सरळ सांगायला जमणार नाही — जरा आडवळणानं येते.

पल्लवी दोन वर्षांची झाली आणि घरात दुसऱ्याची बोलणी सुरू झाली. सासूबाईंना नातू हवा होता. यांना — माझ्या नवऱ्याला — काय हवं होतं, ते मी कधी विचारलंच नाही. मला दुसरं नको होतं. त्यामागे फार मोठा विचार होता असं समजू नका. शाळेतली नोकरी नुकती लागली होती, पहिल्या बाळंतपणाचा शीण अजून अंगात होता, आणि पुन्हा मुलगीच झाली तर तिसऱ्याची बोलणी सुरू होणार हे दिसत होतं. साधं ‘नको’ म्हणायचं होतं. तेवढ्यालाही जीभ रेटली नाही.

मग मी नांदेडला माहेरी गेले आणि गुपचूप तांबी बसवून घेतली. परत आल्यावर यांना सांगितलं — डॉक्टर म्हणाल्या, पिशवी नाजूक आहे, पहिलं निभावलं, दुसऱ्याला जिवावर बेतेल.

हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांना रडताना पाहिलं. म्हणाले, “तू ऱ्हायलीस म्हंजी झालं. एक लेक बस हाय आपल्याला.”

एवढंच. एका वाक्यात विषय संपला. ज्या माणसाला मी इतकी घाबरले, तो माणूस खरं सांगितलं असतं तरी हेच म्हणाला असता — कदाचित. मी त्याला ती संधीच कुठे दिली? आणि नंतर तर खोट्याची गोडीच लागली. सासूबाई दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू करून मला खाऊ घालायच्या. माझ्यासाठी दर्ग्यात दोरा बांधून आल्या. पाण्याची बादली, सिलिंडर, गव्हाचं पोतं — मला कुणी काही उचलू दिलं नाही. मला ते आवडायचं. तांबी बदलायची वेळ आली की माहेरपणाचं निमित्त होतंच.

पल्लवी एकटी वाढली. लुडो मांडायची — लाल सोंगट्या तिच्या, हिरव्या बहिणीच्या. बहिणीचा फासाही हीच टाकायची आणि बहुतेक वेळा बहिणीलाच जिंकवायची. लातूरचं स्थळ आलं, तेव्हा पहिल्याच भेटीत तिनं मुलाला सांगितलं, मला दोन मुलं हवीत. तोही हो म्हणाला. जे बोलायला मला पंचवीस वर्षं पुरली नाहीत, ते त्या दोघांनी पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत बोलून घेतलं.

पहिला मुलगा झाला, काही त्रास नाही. गेल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले आणि पोरगी घाबरली. का घाबरणार नाही? आईचंही पहिलं सुखरूपच झालं होतं. धोका दुसऱ्याला असतो, हे ऐकतच ती मोठी झाली. तिची डॉक्टर म्हणाली, मला तर सगळं ठीक दिसतंय, तरी आईची जुनी फाईल असेल तर घेऊन या. ती फाईल न्यायला पल्लवी कंधारला आली.

फाईल कुठली? घर बदललं तेव्हा गहाळ झाली, असं मी सांगितलं.

“मग आठवून सांग,” ती म्हणाली. “डॉक्टर नेमकं काय म्हणल्या होत्या?”

मला आठवेना. खरंच आठवेना. आणि शेजारी बसलेले हे म्हणाले, “मी सांगतो. मला पाठ हाय. पिशवी नाजूक हाय, दुसऱ्या बाळंतपणाला फाटंल, रगत थांबायचं न्हाई.”

माझी थाप यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. मला फक्त ‘हे खोटं आहे’ म्हणायचं होतं. तीन शब्द. समोर दोन महिन्यांची गरोदर लेक, तिला ते मूल हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि मी मान डोलावली. हे मला काय म्हणतील, या भीतीनं. लेकीपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

लातूरच्या दवाखान्यात तिच्यासोबत मीच होते. डॉक्टर थांबा म्हणत होती, तरी पल्लवीनं पोट खाली करून घेतलं आणि पुन्हा घोळ नको म्हणून लगेच मूल बंद करायचं ऑपरेशनही करून घेतलं. गुंगी उतरल्यावर तिनं माझा हात धरला. “मी तुझ्यावरच गेले गं आई,” म्हणाली. वर मलाच समजावलं, की यात तुझा काय दोष. मी तिला चहा पाजला.

परवा फोनवर सांगत होती, नातू एकटाच गाड्या खेळतो, दोन्ही गाड्यांचे आवाज स्वतःच काढतो. हसत सांगत होती. मीही हसले.

काल संध्याकाळी नळ आला. मी बादली उचलली. हे लगबगीनं आले, “तू कशाला उचलतीस,” म्हणाले आणि बादली माझ्या हातातून घेतली.

मी घेऊ दिली.