मामांनी खिडकीशी धरलेली फिल्म

तार आली तेव्हा मी साताऱ्याच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात एका पेशंटची ओली एक्स-रे फिल्म खिडकीशी धरून उभा होतो. विट्याचे दादामामा गेले... त्याला आता महिना होईल. आईचे हे धाकटे भाऊ. सगळी उमर मदुराईत सोनं गाळण्याच्या भट्टीपुढे गेली. दोन वर्षांतून एकदा दिवाळीला तेवढे गावी यायचे. मला डॉक्टर कॉलेजनं केलं असं लोक समजतात. समजोत बापडे.

सात वर्षांपूर्वी मी मुंबईला शेवटच्या वर्षात होतो. परीक्षेला बसायचं तर दाताच्या मुळातली नस काढून ती पोकळी टोकापर्यंत भरल्याचं एक काम सरांच्या सहीनिशी दाखवावं लागे, आणि पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. मामांचा पुढचा एक दात मार लागून काळा पडला होता. मी पत्र टाकलं, आणि दिवाळीला निघालेले मामा वाट वाकडी करून, पत्र्याच्या ट्रंकेसह थेट कॉलेजात हजर झाले. दात भरला, फिल्म काढली, सरांनी घाईत ‘चालेल’ म्हणून सही ठोकली. सुटलो एकदाचा! मामांनी मात्र ती फिल्म मागून घेतली. ठेंगणा माणूस, टाचा उंचावून खिडकीशी धरली आणि सोन्याची लगड निरखावी तशी निरखली.

“टोकाला हे काळं काय रं?”

“थोडी जागा रिकामी राहिलीय. पण सरांनी सही केलीय, मामा.”

“सही कागदावर हाय. दात माझ्या तोंडात हाय.” मग हळू आवाजात म्हणाले, “गड्या, सोन्यात हीण राहिलं तर घेणाऱ्याला लगेच कळत न्हाई. गाळणाऱ्याला कळतंय.”

मला रागच आला, खोटं कशाला सांगू? भरलेलं उकरायचं तर सही जाणार, आणि दुसऱ्यांदा जमलं नाही तर वर्ष बुडणार. शिवाय तिकडे विट्याला मामी दोन वर्षं वाट बघत होत्या. मामाच म्हणाले, “दिवाळी पुढल्या सालीबी येतीया. तू सरास्नी सांग जा.” पुढल्या साली ते येणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गेलो. सरांनी सही खोडली. मामा आठ दिवस माझ्या खोलीवर राहिले, तीनदा आ वासून खुर्चीत बसले, दिवाळीची पहिली अंघोळ हॉस्टेलच्या नळाखाली केली. शेवटी फिल्मवर पांढरी रेघ टोकाला नेमकी टेकली. मामांनी ती बराच वेळ पाहिली. “आता हाय,” म्हणाले.

गेल्या दिवाळीला त्याच दातानं ऊस सोलून दाखवत होते. मी ओरडलो, “मामा, दात आहे तो, कोयता नव्हे!”

“तुझ्या कामावर तुझाच भरवसा न्हाई व्हय रं?”

ती आमची शेवटची भेट. किती ऋणी आहे, हे त्यांना कधी सांगितलंच नाही...

त्या दिवशी तार खिशात घालून मी हातातली फिल्म पुन्हा खिडकीशी धरली. टोकाला केसभर काळं होतं. पेशंट रहिमतपूरच्या शिक्षिका होत्या, त्यांना एसटी गाठायची होती. “झालं ना डॉक्टर?” त्यांनी विचारलं. पटकन ‘झालं’ म्हणणार होतो. पण खिडकीशी फिल्म धरली की मी नकळत जरा बाजूला सरकतो, ठेंगण्या माणसालाही दिसावं म्हणून. तसाच सरकलो.

“नाही झालं, बाई,” मी म्हणालो. “पुन्हा बसा.”